कर्जतच्या शेतकऱ्याने आम्हाला सफरचंदाचे स्टिकर परत पाठवले: शहरी स्वयंसेवक आणि रिजनरेटिव्ह शेती

गच्चीवरचा_माणूस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहूनच टाकतो, कारण परवा जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

आमचा डोंबिवलीत एक ग्रुप आहे, दहा-बारा जण, बहुतेक नोकरीवाले, दोन रिटायर्ड काका आणि एक कॉलेजातली मुलगी जी आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त काम करते. लॉकडाऊनमध्ये गच्चीवर चार कुंड्या लावण्यापासून सुरुवात झाली, मग सोसायटीचा ओला कचरा, मग सुका पाला, आणि मग कुणीतरी व्हिडिओ पाहून आलं आणि 'रिजनरेटिव्ह शेती' हा शब्द ग्रुपमध्ये शिरला. नांगरट नको, माती उघडी ठेवायची नाही, मुळं जमिनीतच ठेवायची, एकच पीक नको, मातीतला सेंद्रिय कर्ब वाढवायचा वगैरे. पटलं आम्हाला, अजूनही पटतं. पण डोंबिवलीत हे करणार कुठे? इथे मोकळी जागा म्हणजे दोन बिल्डिंगच्या मधली पार्किंगची गल्ली. म्हणून शनिवार-रविवार कर्जत लोकल पकडून तिकडच्या गावांत जायला लागलो. प्रचाराला!

पहिल्याच बैठकीत मी प्रोजेक्टर लावून आच्छादन म्हणजे काय ते २० मिनिटं सांगितलं. मागे बसलेल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे आमी मिरचीच्या बुडात पाला टाकतो तोच ना?" तिथेच उठून यायला हवं होतं खरं तर. नाही आलो. नंतर आम्ही ऑनलाइन मागवलेले गांडूळ एका भातखाचरात सोडले. १ किलो. पुन्हा कधी दिसले नाहीत.

तर गेल्या मे महिन्यात आम्ही आमच्या ३ सोसायट्यांच्या कंपोस्टची २० पोती एका ओळखीच्या शेतकऱ्याला पाठवली. टेम्पोभाडं आमच्याच खिशातून. फोटोबिटो काढले, ग्रुपवर टाळ्या. परवा त्याचा भाचा डोंबिवलीला आला होता, त्याच्याबरोबर मामाने एक बिस्किटाचा रिकामा पुडा पाठवला, रबर लावून. उघडला तर आत सफरचंदाचे स्टिकर, ते छोटे गोल चिकटवलेले असतात ना ते, धुऊन वाळवून ठेवलेले. ४७ निघाले, मी मोजले. शिवाय हाराच्या नायलॉन दोऱ्याची एक गुंडाळी, पालेभाजीच्या जुडीची रबरं आणि घड्याळाचा एक सेल. चिठ्ठी वगैरे काही नाही.

शरम वाटली राव. पण त्यापेक्षा जास्त प्रश्न पडला, की आपण शहरातल्या लोकांनी या विषयात नक्की करायचं काय? शिकवायचं की शिकायचं, की गच्चीवर पालक लावून गप्प बसायचं? ज्यांनी असं काही काम केलंय त्यांनी लिहा, आणि ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं त्यांनी पण लिहा.

शेपूची_जुडी

४७!! बापरे, हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

मी मुलुंडला सोसायटीत ११ वर्षं कंपोस्ट करतेय. सांगू का, स्टिकर हा एक नंबर वैरी आहे. प्लास्टिकची पिशवी दिसते, स्टिकर दिसत नाही, सालीबरोबर जातो आणि पाला कुजला तरी हा पठ्ठ्या जसाच्या तसा, वर 'वॉशिंग्टन' लिहिलेलं पण वाचता येतं. दुसरा वैरी निर्माल्यातला दोरा. आमच्याकडे आता नियम आहे, हार आला की दोरा ओढून काढायचा मगच ड्रममध्ये, आणि चाळणी ४ मिलिमीटरचीच. तुम्ही चाळत नव्हता का?

गच्चीवरचा_माणूस

चाळतो ना ताई, पण वाळूची चाळणी आहे बिल्डरकडून आणलेली. तिच्यातून स्टिकर काय, माझा अंगठा जातो.

निवृत्त_अभियंता

दोन वेगळे विषय एकत्र झालेत इथे, गच्चीवरची बाग आणि शेती. गच्चीबद्दल आधी बोलून घेतो कारण तिथे जीव जाऊ शकतो, तो भाग कुणी बोलत नाही.

मी ३५ वर्षं स्ट्रक्चरल डिझाईन केलं. वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडे साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर एवढा जिवंत भार (लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामान वगैरेंचं वजन) धरतात. आता ओली माती घनमीटरला १७०० किलो धरा. एक फुटाचा थर म्हणजे चौरस मीटरला ५०० किलोच्या वर. म्हणजे तिपटीहून जास्त, आणि त्यात पावसात साचलेलं पाणी धरलेलंच नाही. "आमची बिल्डिंग मजबूत आहे हो" असं सेक्रेटरी म्हणतो तेव्हा त्याला ड्रॉइंग दाखव म्हणावं.

म्हणून जुन्या लोकांनी माती वापरलीच नाही. प्रा. आर. टी. दोशी अर्थशास्त्राचे माणूस, मुंबईतच गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या-फळं घ्यायचे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास जे सुरू केलं तेही किचनचा ओला कचरा, चिपाड आणि सुका पाला यांवरच. या दोन्हींच्या मुळाशी कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांचा प्रयोग परिवार, म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करून एकमेकांकडून शिकायची चळवळ. म्हणजे ही विद्या तुमच्या व्हिडिओवाल्याच्या जन्माच्या आधीपासून इथे आहे. रसवंतीवाल्याकडे गेलात तर चिपाड फुकट देतो, वर आशीर्वाद देतो, कारण त्यालाही ते टाकायची पंचाईत असते. आणि थर ६-८ इंच, तोही कडेने, बीमच्या डोक्यावर. मध्ये नाही.

नवखा_२२

काका प्रश्न आहे. चिपाडाला मुंग्या लागत नाहीत का? आमच्याकडे लागल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कमिटीत तक्रार केली, आता सगळं काढायला लावलंय 😭

शेपूची_जुडी

लागतात. ताजं चिपाड थेट भरू नये, आधी ८-१० दिवस भिजवून-उपसून त्यातली साखर घालवायची आणि मग शेणपाणी किंवा अमृतजल मारून सुक्या पाल्यात थर द्यायचे. अमृतजल म्हणजे १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ आणि १० लिटर पाणी, ३ दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. दीपक सचदेंनी मध्य प्रदेशात बजवाड्याला या पद्धतीने 'अमृत माती' केली, दाभोलकरांचंच पुढे नेलेलं काम ते. मुलुंडात ताजं शेण कुठून आणायचं हा प्रश्न विचारू नका, तबेल्यातल्या भय्याशी माझी आता घरच्यासारखी ओळख आहे.

आणि त्या काकूंना पहिली मेथीची जुडी नेऊन द्या. कमिटीतले निम्मे प्रश्न मेथीने सुटतात, स्वानुभव.

एनपीके

मी कृषी पदवीधर आहे, खत विक्रीच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझं मत विकलं गेलंय असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आत्ताच म्हणून घ्या 😀

धागाकर्त्याने २० पोती पाठवली. पोतं २५ किलोचं धरू, म्हणजे ५०० किलो. घरगुती कंपोस्टमध्ये नत्र (नायट्रोजन) १ टक्का निघाला तरी चांगला म्हणायचा. म्हणजे ५ किलो नत्र. युरियात ४६ टक्के असतो, तर साधारण ११ किलो युरिया झाला. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, म्हणजे तुमच्या २० पोत्यांतला नत्र अंदाजे ६५ रुपयांचा!! टेम्पोला किती दिले? कोकणात भाताला शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्र, म्हणजे एकरी ४०. एका एकराला तुमची १६० पोती लागतील, तेही सगळा नत्र त्याच हंगामात पिकाला मिळाला तर, आणि तो मिळत नाही.

श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली, मध्ये भात आणि चहा दोन्ही झोपले. भावना चांगली असून चालत नाही, वजनकाटा पण लागतो.

गच्चीवरचा_माणूस

टेम्पोला २२०० दिले. धन्यवाद, आज झोप लागणार नाही.

बांधावरून

नमस्कार. स्टिकर मीच पाठवले.

मला या साइटची लिंक भाच्याने दिली, म्हणाला मामा तुझ्यावर धागा निघालाय. वाचतो मी इथे अधूनमधून, लिहीत नाही. आज लिहितो.

आधी एक, राग म्हणून पाठवले नाहीत दादा. वाल टोकताना बायको एक-एक उचलून ओच्यात टाकत होती, घरी आल्यावर म्हणाली फेकायचे कुठे, इथं फेकले तर परत शेतातच जाणार. म्हटलं ज्याचे त्याला देऊ. चिठ्ठी लिहायला हवी होती, चुकलं.

रागवायचं असतं तर दोऱ्यावरून रागावलो असतो. तो दोरा पॉवर टिलरच्या शाफ्टला असा गुंडाळला की सील कापलं, तेल गळायला लागलं, तालुक्याला न्यावा लागला. अर्धा दिवस गेला आणि तो पण आभाळ भरून आलेलं असताना.

आता मुद्द्याचं. एनपीके साहेबांचा हिशोब बरोबर आहे, नत्रासाठी तुमची पोती कुणी घेणार नाही. पण मी ती भाताला घातलीच नाहीत. आमच्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, भाताला पाण्याची ददात नाही. मी ती घातली वालाच्या ३ गुंठ्यांत. वाल आमचा भात कापल्यावर, जमिनीत जी ओल राहते तिच्यावर येतो, वरून थेंब नाही. डिसेंबरच्या शेवटी माझ्या बाकीच्या वालाला दुपारी पानं मलूल पडत होती आणि त्या ३ गुंठ्यांत नव्हती. आता हे तुमच्या खताने की तो तुकडा मुळात जरा खोलगट आहे म्हणून, ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. एका वर्षावरून कोण सांगणार? पण बायकोने बघितलं आणि मला दाखवलं, एवढं खरं.

एनपीके

हे मान्य. सेंद्रिय कर्ब वाढला की जमीन पाणी धरते यावर माझं भांडण नाहीच. माझं भांडण 'युरिया विष आहे' म्हणणाऱ्या लोकांशी आहे.

वाडीवाली

वसईहून. आमच्याकडे 'शहर शेतीपर्यंत आलं' असं नाही, शहर शेतीच्या अंगावरून गेलंय. माझ्या आजोबांची वाडी होती, केळी, पानवेल, फुलं. राजेळी केळ्याची सुकेळी आजी मांडवावर वाळत घालायची. विहिरीवर विहीर आटत गेली, टँकर पाणी उपसून नेत होते, तेव्हा फादर दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईवाले रस्त्यावर उतरले म्हणून जे काही उरलंय ते उरलंय. मला विचाराल तर शहरातल्या स्वयंसेवकांनी माती शिकवायला येण्याआधी पाणी आणि जमीन कोण नेतंय त्यावर बोलावं. वाडीत बुडाशी केळीचीच पानं-खोडं कापून टाकायची हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. वाडी गेली ती माती खराब झाली म्हणून नाही गेली.

बांधावरून

ताई लाखातलं बोललात.

आमच्या गावात मागच्या ५ वर्षांत सातबारा किती फिरले ते मोजून सांगू शकतो. जमीन सुधारायला ३-४ वर्षं लागतात असं सगळेच सांगतात, मी पण सांगतो. पण शेजारच्याच्या हातात ती जमीन ३ वर्षं राहणार का? बांधावर एजंट उभा असतो. आणि शहरातले भले लोक म्हणतात दादा विकू नका. त्यांना स्वतःला घ्यायची म्हटली तर शेतकरी दाखला नाही म्हणून घेता येत नाही, आणि ज्याला घेता येते तो फार्महाऊस बांधून लॉन लावतो. लॉनला पण बारा महिने हिरवं आच्छादन म्हणता येईल म्हणा.

नवखा_२२

बांधावरून दादा तुम्ही नांगरत नाही का? पॉवर टिलर म्हणालात म्हणून विचारलं. आणि एसआरटी म्हणजे काय, सगळीकडे वाचतोय.

बांधावरून

दीड एकर आहे. त्यात २० गुंठे एसआरटी, ४ वर्षं झाली, बाकी बापाच्या पद्धतीने चिखलणी करून लावणी. टिलर त्या बाकीच्याला.

एसआरटी म्हणजे सगुणा राईस तंत्र, नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी काढलं, सगुणा बाग त्यांचीच. एकदा गादीवाफे करायचे, साडेचार फुटांवर एक, ते कायमचे. नंतर नांगर नाही, चिखल नाही, दाढ (म्हणजे रोपं तयार करायचा वाफा) नाही, लावणी नाही. लोखंडी साचा असतो, तो दाबला की २५ सेंटीमीटरवर भोकं पडतात, त्यात ३-४ दाणे टाकायचे. भात कापला की मुळं तशीच जमिनीत, त्याच वाफ्यावर वाल नाहीतर मूग. मुळं कुजून जमिनीत नळ्या पडतात, त्यातून हवा-पाणी जातं, गांडुळं येतात. तुम्ही सोडलेली नाहीत, आपणहून येणारी.

मी का केलं? पर्यावरणासाठी नाही. लावणीला माणूस मिळत नाही म्हणून. पूर्वी गावकीने आळीपाळीने एकमेकांच्या शेतात जायचे, आता पोरं भिवपुरी-बदलापूरला कंपनीत. आणि दुसरं म्हणजे राब. दाढीसाठी राब भाजायचा तर जंगलातून टहाळ तोडायचा, पाला-शेण रचायचं, जाळायचं, आई गुडघे धरून बसायची संध्याकाळी. ते सगळं वाचलं. कर्ब वाढला असेल तर वरकमाई.

शेपूची_जुडी

पण त्यात ग्लायफोसेट मारतात ना? हेच मला खटकतं. एकीकडे मातीतले जीव वाचवा आणि दुसरीकडे तणनाशक. आमच्या ग्रुपने याच कारणाने नेरळची सहल रद्द केली होती.

बांधावरून

मारतो. कापणीनंतर फुटवा मारायला आणि तण मारायला. लपवत नाही.

ताई, तुम्ही जून-जुलैत एकदा या आणि न नांगरलेल्या, तणनाशक न मारलेल्या १० गुंठ्यांतलं तण हाताने काढा. मी स्वतः एक वर्ष तो हट्ट करून बघितला, अगदी एका कोपऱ्यात २ गुंठ्यांवर. भात शोधावा लागत होता.

एनपीके

थोडी भर. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये नोटिफिकेशन काढलं की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं. खेड्यात पेस्ट कंट्रोल ऑपरेटर कुठून येणार हे काढणाऱ्यांनाच माहीत. मी विकणारा आहे तरी म्हणतो, यावर अवलंबून राहू नये, तेच ते मारत राहिलं की तण पण निबर होतं. पण 'नांगर नको' आणि 'तणनाशक नको' आणि 'मजूर नाही' या तिन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत, कुठलीतरी एक सोडावी लागते. शहरातले लोक तिसरी गोष्ट विसरतात.

निवृत्त_अभियंता

उंबरगावच्या नैसर्गिक शेतीवाल्या भास्कर सावे यांना जमल्या होत्या की. विरारच्या पुढे डहाणू आणि त्याच्या पुढे उंबरगाव, म्हणजे आपल्याच रेल्वेलाइनवर. कल्पवृक्ष फार्म. मी नव्वदच्या दशकात गेलो होतो, चिकू-नारळाखाली सावली इतकी की तण उगवायला ऊनच मिळत नव्हतं.

बांधावरून

काका ती बाग, हे भात. झाडाखाली सावली करून तण थांबतं, भाताला सावली दिली तर भातच थांबेल. सावे साहेबांबद्दल आदर आहेच.

निवृत्त_अभियंता

मान्य. माघार.

गच्चीवरचा_माणूस

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, लोकलमध्ये आणि मग घरी. दादा तुम्ही स्वतः इथे आलात, काय बोलू.

मला एक गोष्ट आता स्पष्ट दिसतेय ती अशी की आम्ही चुकीच्या टोकाला काम करत होतो. प्रचार करायची गरज आमच्या बिल्डिंगमध्ये आहे, तुमच्या बांधावर नाही. शहराकडे ३ गोष्टी ढिगाने आहेत: ओला कचरा, सुका पाला आणि भात-वाल विकत घेणारी तोंडं. त्यातल्या पहिल्या दोन आपण एकतर जाळतो नाहीतर देवनार-कांजूरच्या डंपिंगला पाठवतो, आणि तिसरी सुपरमार्केटला देऊन टाकतो. एकट्या मुंबई महापालिकेच्या हद्दीत रोजचा कचरा ६००० टनांच्या वर जातो म्हणतात, त्यातला निम्मा जरी ओला धरला तरी डोकं गरगरतं. २०१६ च्या नियमात दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी आपला ओला कचरा आपणच जिरवायचा असं लिहिलं होतं, पण किती सोसायट्यांत ते यंत्र ताडपत्री घालून शोभेला ठेवलंय ते सगळ्यांना माहितीय. आमच्या शेजारच्यात त्यावर मांजर व्यायली होती.

पण मग अडचण टेम्पोची. २२०० रुपयांत ६५ रुपयांचा नत्र हे काही मला विसरता येत नाहीये.

शेपूची_जुडी

पाला पाठवा ना, खत कशाला? सुका पाला हलका असतो, स्टिकर नसतात, दोरे नसतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये रेन ट्री आणि बदाम पानं टाकतात तेव्हा रस्त्यावर नुसते ढीग. रेन ट्रीची पानं बारीक, दोन-तीन महिन्यांत कुजतात. बदामाची मात्र चामड्यासारखी, ती वेगळी ठेवा, आच्छादनाला चांगली.

बांधावरून

पाला चालेल. पळेल! टहाळ तोडायला जंगलात जाणं तेवढं कमी होईल, गावात अजून १०-१२ घरं राब भाजतात, तो न भाजता कुजवून बघू म्हणावं. ऐकतील असं नाही.

आणि टेम्पोचं सांगतो. आमच्या इथून भेंडी-काकडी घेऊन रोज पहाटे कल्याण मार्केटला टेम्पो जातो, येताना रिकामा येतो. ड्रायव्हर माझा चुलतभाऊ. रिकामा येताना पोती टाकली तर चहापाण्यावर आणेल. तुम्ही ती कल्याणला सकाळी ७ च्या आत आणून उभी करायची, तो थांबणार नाही, तोंडाचा फटकळ आहे.

एनपीके

बघा, हा खरा प्रस्ताव. फक्त कच्चा पाला मातीत मिसळू नका, वर पसरा. मिसळला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. वर ठेवला तर काही बिघडत नाही. आणि रस्त्याकडेचा पाला उचलताना डांबर-ऑइलवाला नको, बागेतला-सोसायटीतला घ्या.

नियंत्रक

मधले काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. देशी गाय विरुद्ध जर्सी या विषयाला स्वतंत्र धागा आहे, कृपया तिकडे.

गच्चीवरचा_माणूस

धागा वर काढतोय, जवळजवळ वर्षाने. काय झालं ते सांगायचं राहिलंच होतं.

फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही पाला गोळा केला. पहिल्या आठवड्यात पोती नुसती भरली तर ती उशीसारखी हलकी, एका टेम्पोत वारा चाललाय असं वाटत होतं. मग रिटायर्ड काकांनी युक्ती काढली, पोत्यात एका पोराला उभं करायचं आणि तुडवायला लावायचं. सोसायटीतली सगळी चिल्लीपिल्ली रविवारी रांग लावून पोत्यात उभी राहायला. एकाची चप्पल आत राहिली, ती दादांकडून परत आली, यावेळी चिठ्ठीसकट. एकूण १८० च्या आसपास पोती गेली. ३ वेळा आम्ही ७ नंतर पोहोचलो आणि टेम्पो निघून गेलेला, चुलतभाऊ खरंच फटकळ आहेत.

मार्चमधे एक पोतं गच्चीच्या कोपऱ्यात पावडर-रंगाच्या डब्यांमागे विसरलं गेलं होतं, ते मला जुलैत सापडलं. तळाला पाणी शिरलेलं. उलटं केलं तर वरचा पाला तसाच पण खालची वीतभर सगळी काळी, भुसभुशीत, मध्ये पांढऱ्या बुरशीचे धागे कापसासारखे, आणि वास... पहिल्या पावसात माथेरानच्या वाटेवर येतो तो. पाचव्या मजल्यावर, डिश अँटेनाच्या खाली. बायकोला बोलावून हुंगायला लावलं, तिने आधी शिव्या घातल्या मग हुंगलं.

ग्रुपमधले ४ जण गळाले. पाला भरण्यात फोटो चांगले येत नाहीत हे एकाने स्पष्ट सांगितलं, मला ते प्रामाणिक वाटलं. कॉलेजातल्या मुलीने मात्र २६ घरं गाठली, जी दादांच्या गावातून वर्षाचा तांदूळ आणि वाल आधी पैसे देऊन घेणार. २६ म्हणजे काहीच नाही, कल्पना आहे. भावावरून दोन मीटिंगा झाल्या आणि एका काकांनी "सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळतो" हे तिन्ही वेळा ऐकवलं, दोन मीटिंगांत तीन वेळा.

एनपीके

माती तपासली का? सेंद्रिय कर्ब?

बांधावरून

दिली आहे साहेब. पाला घातलेली वेगळी आणि न घातलेली वेगळी, दोन पिशव्या. पण एका वर्षात काय फरक दिसणार, तुम्हीच सांगा. परत ३ वर्षांनी देईन, तोपर्यंत जमीन माझ्या नावावर असली तर. (आहे, घाबरू नका. एजंट आला होता, त्याला ताक पाजून पाठवला.)

राबाचं विचाराल तर १२ पैकी २ घरांनी भाजला नाही. त्यातल्या एकाची दाढ जरा पिवळी पडली तर अख्खं गाव त्याला हसलं. लावणीनंतर भात बरा आला, पण हसणं लोकांच्या लक्षात राहतं, भात नाही. पुढच्या वर्षी तो करेल की नाही शंका आहे.

शेपूची_जुडी

आणि ते २ गुंठे? बिनतणनाशकाचे?

बांधावरून

ताई तुम्ही येणार होतात तण काढायला.

शेपूची_जुडी

येते. जुलैत. लिहून ठेवा. गुडघे साथ देतील तेवढं काढीन.

गच्चीवरचा_माणूस

मी पण. दादा, या सीझनला कंपोस्टची पण ६ पोती पाठवू का, वालासाठी? आता ४ मिलिमीटरची चाळणी आणलीय आणि फळं आली की स्टिकर काढून फ्रीजच्या दारावर चिकटवायचे असा सोसायटीत नियम केलाय. आमच्या फ्रीजचा रंग दिसत नाही आता.

बांधावरून

पाठवा. मागच्या खेपेच्या एका पोत्यात ४ निघाले, तेवढे माफ.

आणि सगळ्यांना सांगतो, वाल भरलाय. येत्या शनिवारी पोपटी लावतोय घरामागे, मडक्यात पाला घालून वाल-अंडी विस्तवावर भाजतात ती. भांबुर्ड्याचा पाला पाहिजे तेवढा आहे, वाल आहे, अंडी आहेत. मडकं मात्र तुम्ही आणा, आमचं गेल्या वर्षी विस्तवावरच फुटलं. एनपीके साहेबांनी पण यावं. सफरचंद कुणी आणू नका.